जात्याचं टेक

पाहुणे, ती समोर हिवराची चार झाडं असलेली टेकडी दिसते ना, तिला आम्ही जात्याचं टेक म्हणतो. सरकारी नकाशात तिला नाव नाही, नुसता उंचीचा आकडा आहे. माथ्यावर सपाट कातळ आहे आणि त्या कातळावर एक दगडी जातं. लाकडी खुंटा अधूनमधून बदलावा लागतो, दगड मात्र पहिल्यापासूनचे आहेत. ते चोरायला आजवर कोणी आलं नाही, कारण उचलून खाली आणायचं म्हणजे कंबरेचे टाके ढिले.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, पहाटे, आमच्या हिवरमाळच्या दोन बायका तिथे दळायला जातात. त्या पिठाची भाकरी संध्याकाळी देवळात प्रभुभोजनाला मोडतात. इतर मंडळ्यांत पाव असतो, आमच्यात बाजरीची भाकरी. आणि त्या दोन बायका कोणत्याही चालत नाहीत. ज्यांचं एकमेकींशी बिनसलंय, बोलणं बंद आहे, अशाच दोघी लागतात. तुम्ही हसाल, पण जोडी मिळाली नाही म्हणून दळण राहिलं, असं एकदाही झालेलं नाही. भांडणाचा दुष्काळ आमच्याकडे अजून पडायचा आहे. काही वर्षी तर तीन-तीन जोड्या निघतात, मग वडीलधारे एक निवडतात, आणि राहिलेल्या चौघी त्या वडीलधाऱ्यांशी बोलत नाहीत.

हे सुरू कसं झालं, ते मी माझ्या चुलत्याकडून ऐकलं आणि त्याने त्याच्या सासूकडून. मधे कोणी मीठमसाला लावला असेल तर तो माझ्या पदरात घालू नका.

असं सांगतात की आमचे लोक प्रभूला ओळखू लागले त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. वस्ती पंचवीस-तीस माणसांची, देऊळ म्हणजे कुडाच्या भिंती आणि वर गवत. त्या वस्तीत तबिथा नावाची बाई होती. नवरा शलमोन, आणि एकच लेक, सलोमी, चार वर्षांची. घर गरिबाचं, पण अंगणात सासूच्या काळापासूनचं जातं होतं, आणि पिठाला बारीक म्हणून त्याचं नाव होतं.

शेजारी रिबका राहायची. दोघींच्या घरांत एकच अंगण, आणि जातंही एकच. भल्या पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, एका खुंट्याला दोघींचे हात. एकीने ओवीची पहिली ओळ टाकायची, दुसरीने ती उचलायची. सलोमी डोळे चोळत यायची आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून पुन्हा झोपायची. जात्याच्या घरघरीत लेकरू जितकं गाढ झोपतं तितकं पाळण्यात झोपत नाही. तबिथाची मांडी अवघडायची, मुंग्या यायच्या, पण ती पाय हलवायची नाही.

जात्याचा एक नेम असतो. खाण्याचं सोडून दुसरं काही त्यात दळलं, की आधी मूठभर धान्य दळायचं आणि ते पीठ टाकून द्यायचं, म्हणजे दगडाला काय चिकटलं असेल ते निघून जातं. मगच घरचं दळण. हा नेम आमच्या पोरीबाळींनासुद्धा ठाऊक असतो. पुस्तकात कुठे लिहिलेला नाही, कारण लिहायची कधी गरज पडली नाही.

मग तो मोठा दुष्काळ आला. पहिल्या वर्षी लोकांनी जनावरं विकली, दुसऱ्या वर्षी विकायला जनावरं राहिली नाहीत. रिबकाच्या घरी एक बैल उरला होता आणि त्याचा खांदा आला होता, सुजून गाडग्याएवढा झालेला. कोणीतरी सांगितलं, धोतऱ्याच्या बियांचा लेप लाव. रिबकाचा पाटा फुटलेला. भर दुपारी, तबिथा पाण्याला गेलेली असताना, रिबकाने ते बी अंगणातल्या जात्यात दळलं आणि लेप लावला. मग नेमाप्रमाणे तिने मडक्यातून मूठभर बाजरी काढली.

मूठ तिच्या हातात होती म्हणे. मडक्यात आणखी चार-पाच मुठी असतील. तिने त्या दाण्यांकडे पाहिलं, आणि मूठ परत मडक्यात सोडली. जात्याचे दगड पदराने पुसले, दोनदा पुसले, आणि घरात गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तबिथा दळायला बसली. रिबका समोर बसली. तिच्या मनात आलं नसेल असं नाही, पण पुसलंय ना, एवढ्याने काय होतंय, असं ती स्वतःला म्हणाली. दोघींनी मिळून दळलं. पहिल्या पिठाची तबिथाने लेकीसाठी चानकी थापली, तळहाताएवढी. मोठ्यांना त्या दिवशी कण्यांची पेज होती. चानकी फक्त सलोमीला मिळाली.

दुपारी सलोमीचं अंग तापलं, डोळे मोठे झाले, ती हवेतलं काहीतरी वेचू लागली. अंगात आधीच काही उरलं नव्हतं. दिवस मावळायच्या आत ती गेली. लोक म्हणाले, तापाची साथ आहे, दुष्काळात लेकरं अशीच जातात. टेकाच्या पायथ्याला तिला माती दिली.

आठव्या दिवशी रिबका तबिथाच्या दारात येऊन उभी राहिली. वस्तीत कोणाला काही कळलेलं नव्हतं, कधी कळलंही नसतं. ती म्हणाली, "तबिथे, साथ नव्हती. म्या धोतरा दळला व्हता. अन् मूठ न्हाई टाकली."

तबिथा उठली आणि तिने दार लावून घेतलं.

त्यानंतर तबिथा तिच्याशी बोलली नाही. शिव्या दिल्या नाहीत, पंचायत बसवली नाही. नवऱ्याला एवढंच म्हणाली, "हे जातं मला अंगणात नगं. फोडून टाका." शलमोन सरळ माणूस. तो म्हणाला, "जातं फोडू नये. त्यानं आपल्या बापजाद्यांना खाऊ घातलंय." त्याने वरचा दगड एका खेपेत आणि खालचा दुसऱ्या खेपेत टेकावर नेला आणि कातळावर मांडून ठेवला. तिथे कोण जातंय, असं त्याला वाटलं.

तबिथा देवळात जात राहिली. पण तिचं एक झालं. प्रभूची प्रार्थना सगळे मोठ्याने म्हणायचे, तीही म्हणायची. आकाशातल्या बापाचं नाव घ्यायची, रोजची भाकरी मागायची, आणि तिथून पुढे, आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर, ही ओळ आली की तिचे ओठ मिटायचे. बाकीची मंडळी पुढे जायची, ती तिथेच राहायची. तिने प्रयत्न केला नाही असं नाही. घरी एकटी असताना, चुलीपुढे, शेणाने सारवताना ती ओळ म्हणून पाहायची. जीभ उचलायचीच नाही.

यात तिची फार मोठी गोची झाली होती. खोटं म्हणायचं तर देवापुढे खोटं, आणि न म्हणावं तर तिला वाटायचं, जिथे सलोमी गेली आहे तिथलं दार याच ओळीने उघडतं. मी ही ओळ न म्हणता मेले तर माझं लेकरू मला परत दिसायचं नाही. हे ती एकदाच शलमोनला बोलली. तो रात्रभर तिचे पाय चेपत बसला.

तेव्हा पाळक होते लेवीबाबा. प्रवचनाला ते काही फार बरे नव्हते म्हणतात. पहिले दोन-चार रविवार त्यांनी क्षमेवर बोलून पाहिलं. मग शलमोन त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा, तुमचं समदं खरं हाय. पर तिचं पोर गेलंय." त्या दिवसापासून लेवीबाबांनी तो विषय सोडला. बोलण्यात कच्चे असतील, पण गप्प बसण्यात ते फार चांगले होते. रिबका देवळात आत येत नसे, उंबऱ्याबाहेर बसायची. तिलाही त्यांनी आत ये म्हटलं नाही, फक्त उन्हाळ्यात तिच्या डोक्यावर सावली यावी म्हणून गवताचं छप्पर हातभर पुढे वाढवलं.

आता यातला पुढचा भाग कोणी मानतो, कोणी मानत नाही.

जातं टेकावर गेल्यानंतर थोड्याच दिवसांत तबिथाला पहाटे अर्धवट झोपेत घरघर ऐकू येऊ लागली. जात्याचा आवाज, पण लंगडा. दोन हातांचं दळण सरळ वाहतं, एकहाती दळण मधेच अडतं, पुन्हा चालतं. तसा. आवाज वरून यायचा, टेकाकडून. आणि तो आला की तिला मांडीवर ओझं जाणवायचं. लहान, ऊबदार, झोपलेल्या डोक्याचं ओझं. केसांना लावलेल्या करडईच्या तेलाचा वास यायचा. ती डोळे उघडायची नाही. पाय हलवायची नाही. घरघर थांबली की ओझं हळूच उतरायचं, आणि कोंबडा आरवायचा.

ती हे कोणाला बोलली नाही. शलमोनने एकदा विचारलं, "पहाटं टेकावरनं काय आवाज येतो गं?" ती म्हणाली, "वारं असंल." वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं वर काय चाललंय ते. तिलाही एकदा चढून बघून येता आलं असतं, टेक काही हिमालय नाही. पण तिने पाहायचं नाही असं ठरवलं होतं. पाहिलं आणि काही साधंसुधं कारण निघालं, तर मांडीवरचं ओझं पुन्हा येणार नाही, ही भीती. अशी तीन वर्षं गेली. पहाटेच्या त्या घटकाभरासाठी ती बाकीचा दिवस ढकलत होती.

तिसऱ्या वर्षी, दुष्काळ अजून हटला नव्हता, दुःखसप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, सोमवारी पहाटे आवाज आला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी ती अंधारातच उठून अंगणात उभी राहिली, टेकाकडे कान लावून. नुसती शांतता. जिथे पूर्वी जातं होतं तिथली जमीन अजून गोल आणि गुळगुळीत होती, तिथे ती बसली. मांडीवर काही नव्हतं. त्या दिवशी तिने जेवण केलं नाही.

गुरुवारी पहाटे आवाज आला. अगदी क्षीण, चार फेरे आणि थांबला, पुन्हा दोन फेरे. तबिथा उठली आणि तशीच अनवाणी टेक चढू लागली. लेकराला शोधायलाच चालली होती ती, दुसरं काही तिच्या मनात नव्हतं.

चंद्र पश्चिमेला टेकला होता, पुनवेच्या जवळचा, मोठा आणि धुळीने पिवळा. हिवराच्या सावल्या लांब पडल्या होत्या. माथ्यावर पोचली तर कातळ सगळा जिवंत वाटला तिला, हलत होता. जवळ गेल्यावर दिसलं, चिमण्या. शेकड्याने. इतक्या पहाटे, मुक्याने, कातळभर बसलेल्या, वाट बघत. आणि मधे जात्याशी रिबका.

तबिथाने तिला तीन वर्षांत नीट पाहिलं नव्हतं. हाडं मोजून घ्यावीत अशी झाली होती. एक पाय पसरून, खुंट्याला हात लावून ती जातं ओढत होती, अर्धा फेरा झाला की धापा टाकत थांबत होती. बाजूला धान्याचं लहान गाठोडं.

तबिथाच्या तोंडून रिबकासाठी तीन वर्षांनी पहिला शब्द निघाला तो असा: "तीन दिस कुठं व्हतीस?"

रिबका दचकली. उठायला गेली, उठवेना. म्हणाली, "ताप व्हता. न्हाई चढाय आलं."

रिबकाने राहिलेले दोन फेरे पुरे केले, जात्याभोवतीचं पीठ हाताने गोळा केलं, मूठ भरली, आणि गुडघ्यांवर हात टेकत उभी राहिली. चिमण्या फडफडल्या. तिने हात मागे नेला पीठ उधळायला.

आणि तबिथाने झेप घेऊन तिचं मनगट धरलं. "टाकू नगं! येडी झालीस का? मूठभर पीठ हाय ते. दुष्काळात पाखरांना घालतीस?"

रिबका अगदी हळू म्हणाली, "म्याबी त्या दिशी हेच म्हणले व्हते, तबिथे. मनात."

चुलत्याची सासू इथे नेहमी थांबायची म्हणे, पानाला चुना लावायची. कारण त्या टेकावर दोघी किती वेळ तशा उभ्या होत्या ते कोणाला माहीत नाही. एकीच्या मुठीत पीठ, दुसरीच्या मुठीत तिचं मनगट. तीन वर्षं तबिथाने रोज स्वतःला सांगितलं होतं, मी असते तर टाकली असती. मी असते तर एक मूठ काय, मडकं ओतलं असतं. आणि आता तिचा हात तिला विचारायला थांबला नव्हता. मूठ वाचवायला तो आपोआप गेला होता. भुकेल्या वर्षाचा हात सगळ्यांचा सारखाच असतो, हे तिला त्या क्षणी कळलं. ती मटकन खाली बसली.

"रोज टाकतीस?" तिने विचारलं.

"रोज. माझ्या वाट्याची. जी टाकायची राहिली, ती." रिबका म्हणाली. "पर ती काय अजून टाकून व्हत न्हाई."

तबिथाने गाठोडं ओढून पाहिलं. आत आणखी तीन मुठी बाजरी होती, तापाच्या तीन दिवसांची राहिलेली. तिने त्यातले मूठभर दाणे वैरण म्हणून जात्याच्या तोंडात घातले, रिबकाच्या समोर पाय पसरून बसली आणि खुंट्याला हात लावला. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. पण जातं फिरलं.

खाली वस्तीत शलमोन जागा झाला. त्याने ऐकलं आणि तो अंथरुणातच उठून बसला. शेजाऱ्याने बाहेरून विचारलं, काय झालं हो? तो म्हणाला, "दोन हाताचं दळण हाय." आणि तोंडावर घोंगडी ओढून रडला.

वर तबिथा दळत होती आणि तिची मांडी हलकी होती. तेलाचा वास नव्हता. कोणी येऊन निजलं नाही. समोर रिबका होती, चंद्र बुडत होता, उजाडत होतं, आणि सलोमी मेलेली होती. लेक गेल्यापासून तबिथा रडली नव्हती, ती तेव्हा रडली, इतकी की पीठ ओलं होईल म्हणून रिबकाने ते आपल्या पदराने झाकलं. ते पहाटेचं स्वप्न तिला पुन्हा कधी पडलं नाही. ती पंचाहत्तर वर्षं जगली, पण एकदाही नाही. क्षमा फुकट होत नाही, एवढं मला या गोष्टीतून कळतं. बाकीचं पाळकांना विचारा.

चिमण्यांना मात्र एक मूठ घातली त्यांनी. त्यांचा काय दोष?

राहिलेल्या पिठाची तबिथाने एक भाकरी केली. त्या वर्षी प्रभुभोजनाला काय मोडायचं, या चिंतेत लेवीबाबा होते, त्यांच्यासमोर तिने ती नेऊन ठेवली. ती वस्तीतल्या सगळ्यांना पुरली, आणि उंबऱ्याबाहेर बसणारीलाही, जी त्या दिवशी आत बसली होती. काही जण याला चमत्कार म्हणतात. मी म्हणतो, आमच्या बायका भाकरी थापण्यात हुशार आहेत.

पण भाकरी मोडण्याआधी प्रार्थना झाली. सगळ्यांनी मोठ्याने म्हटली, नेहमीसारखी, आणि सगळे शेवटाला पोचले. लेवीबाबा आमेन म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांना दिसलं, तबिथाचे ओठ हलताहेत. ती मागेच होती, त्या ओळीपाशी. आवाज फुटत नव्हता. लेवीबाबांनी आमेन गिळलं. सगळी मंडळी डोळे मिटून उभी राहिली. किती वेळ, तेही कोणी मोजलं नाही. मग तिचा एकटीचा आवाज आला, बसलेला, चिरका, एकेक शब्द धोंड्यासारखा उचलत. ती ओळ तिने पुरी केली, आणि मग पुढच्या ओळी, शेवटपर्यंत. आमेनही तिनेच म्हटलं.

आता देऊळ पक्कं आहे, वर पत्रे आहेत, पंखेसुद्धा आहेत. पण आजही त्या गुरुवारी संध्याकाळी प्रार्थना त्या ओळीपाशी आली की आम्ही सगळे थांबतो. नवा पाळक आला की पहिल्या वर्षी त्याला वाटतं, मंडळी पुढचे शब्द विसरली. आम्ही थांबतो, कारण कोणाचा तरी पाय तिथे अडकलेला असतो. तो कोणाचा, हे वळून बघायचं नाही. ज्याचा असेल त्याने आपल्या आवाजात ओळ म्हणायची, मग सगळे पुढे. बहुतेक वर्षी दोन-चार श्वासांत होतं.

मागल्या वर्षी तो मी होतो. कोणाबद्दल, ते राहू द्या, माझ्या पाठचा भाऊ आहे तो. बाहेर अंधार पडला, लेकरं आयांच्या खांद्यावर झोपली, म्हाताऱ्यांचे पाय थरथरायला लागले. पण एकाही माणसाने माझ्या आधी आमेन म्हटलं नाही.